अध्यक्षांची नक्कल

झाशीतल्या ओरछा गेट भागातल्या मुग्धाला नकलांचं अंग लहानपणापासूनच. शाळेत गणित शिकवता शिकवता ती मध्येच भाजीवाल्याचा आवाज काढायची आणि वर्ग खिदळायचा. झाशीत मराठी घरं आता मोजकीच उरलेली. त्यांच्या गणेशोत्सवात मुग्धाची नक्कल दरवर्षी ठरलेली असे. यंदा तिने नक्कल केली ती मंडळाचे अध्यक्ष शिवाजीराव यांची.

राग यावा असंच ते वागले होते. बायकांचं हळदीकुंकू रद्द करून त्या वेळेत त्यांनी स्वतःचा सत्कार ठेवला. माइकचं काम कुणाला न विचारता भाच्याला, हर्षितला दिलं. पण मुग्धाने नकलेत यातलं काहीच घेतलं नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर शिवाजीरावांची जीभ जड झाली होती. ‘मंगलमूर्ती’ म्हणताना अडखळायची. तिने नेमकं तेच उचललं.

“मं... मंग... मंगल...”

मंडप हसून हसून लोटपोट झाला. पहिल्या रांगेत शिवाजीरावही हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी त्यांच्या पत्नी, माधुरीकाकू, मांडीवरच्या रुमालाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर शिवाजीरावांनी रोजच्या भाषणासाठी माइक हातात घेतलाच नाही. “चलो, आज जल्दी छूटे!” कुणीतरी म्हणालं. मुग्धाने हातातला प्रसाद तसाच कागदात गुंडाळला.

घरी ती वडिलांना, जनार्दनपंतांना म्हणाली, “बाबा, माणूस आहेच तसा. मी काय वाईट केलं?”

“आहेच तसा. मीही त्याला तोंडावर सुनावलंय. पण अध्यक्ष कसा झाला तो? गणपतीच्या पायाशी चिठ्ठ्या ठेवल्या, सगळे हात जोडून उभे होतो. तूही होतीस. नाव निघालं तेव्हा देवाचा कौल म्हणून गुलाल उधळलास. मग आता काय, देव चुकला?”

मुग्धाने प्रसादाची पुडी देवापुढे ठेवली.

“भांड ना त्याच्याशी. पण देवाने ज्याला पाटावर बसवलं, त्याचा पाट आपण खालून ओढायचा नाही. उतरवायचं कधी, ते देवच बघेल. आणि तू तर त्याच्या दुखण्याला हसलीस, पोरी.”

संध्याकाळी ती शिवाजीरावांच्या घरी गेली. वाकून नमस्कार केला. “काका, चुकलं माझं.”

“जनार्दनने पाठवलं असेल,” ते म्हणाले. “हळदीकुंकवाचा राग काढलास. मला कळत नाही होय?”

उत्तर जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. “विसर्जनाला तुम्हीच बोला, काका. अध्यक्ष बोलल्याशिवाय गणपती उठवायचा नाही.”

“बघू.”

माधुरीकाकूंनी चहाचा कप तिच्यासमोर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

विसर्जनाला शिवाजीराव बोलले. नेहमीसारखंच लांबलचक, निम्मं स्वतःचं कौतुक. मागून कुणी मुग्धाला कोपराने ढोसलं, “दीदी, अब तुम सुनाओ ना!”

“अध्यक्षजी बोल रहे हैं. चुप रहिए,” ती म्हणाली.

शेवटी त्यांनी हात वर केले आणि ‘मंगलमूर्ती’वर जीभ अडली. मंडपात हशा पिकला. आजवर शिवाजीरावांच्या तोंडच्या त्या शब्दाला कुणी हसलं नव्हतं. तो बाहेर पडेपर्यंत लोक मुकाट्याने थांबत. हसायला त्यांना मुग्धाने शिकवलं होतं. “मोरया!” ती जिवाच्या आकांताने ओरडली. पण हशा आधी पोचला होता. शिवाजीरावांनी माइक हर्षितच्या हातात दिला आणि ते मूर्तीमागे जाऊन उभे राहिले.

दिवाळीनंतरच्या सभेत मुग्धा उठली. “अध्यक्षांना विनंती आहे, हळदीकुंकू परत सुरू व्हावं.” ते भडकले, ‘ही मुलगी मला शिकवणार’ म्हणाले. ती सगळं ऐकून घेत उभी राहिली, म्हणणं पूर्ण मांडलं आणि हात जोडून खाली बसली. हळदीकुंकू मिळालं, पण भर दुपारचं, आडवेळेचं.

नकला तिने सोडल्या. लोक आग्रह करतात, तेव्हा घसा बसल्याचं सांगते. देवापुढे दिवा लावताना रोज क्षमा मागते, आणि मागून झाली असं तिला अजून वाटत नाही.