वाळ्याच्या अत्तरासाठी निपाणी ते बेळगाव

रामनवमीला नऊ दिवस उरले होते आणि आमच्याकडे अजून "बघू" चालले होते, तेव्हा मीच बेळगावला जायचे ठरवले.

हे तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत. आवाज मात्र देवाने दिलेला. गल्लीतल्या राममंदिरात नवमीच्या कीर्तनाला बुवांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरायचे ते यांनीच. गेल्या वर्षी बाहेरगावचे नवे बुवा आले. पहिल्याच पदाला हे जरा पुढे सरकले, तसे बुवांनी उपरण्याचे टोक नाकाशी नेले. यांनी ते पद पुरे केले, झांजा खाली ठेवल्या आणि मागच्या खांबाशी जाऊन बसले. त्यानंतर वर्षभर घरातल्या देवापुढेसुद्धा गळा मोकळा केला नाही. यंदाही तेच बुवा येणार होते.

मी यांचे कपडे सोड्यात उकळले, उन्हात पसरले, कडुलिंबाच्या पाल्यात घडी करून ठेवले. माझ्या नाकाला त्यात काहीच लागत नव्हते. पण "माझं मला कळतं," म्हणून हे हटूनच बसले. पुरुषाने लावावे असे, दिवसभर टिकणारे आणि आपल्याला झेपेल असे अत्तर आणायचे, एवढाच उपाय उरला होता. निपाणीत मिळते ते लग्नातल्या पाहुण्यांच्या मनगटाला लावण्याइतके. अंगणातून माजघरात येईपर्यंत उडून जाते.

निघण्यापूर्वी मी एक युक्ती केली. यांच्या वखारीतल्या जुन्या बाराबंदीच्या सहा चिंध्या कापल्या. अत्तर कोऱ्या कापसावर हुंगून काय उपयोग? ते तंबाखूवर कसे चढते, हे पाहायला हवे. सहप्रवाशांना त्रास नको म्हणून त्या चिंध्या केळीच्या पानात, मग कागदात, मग फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या.

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासे झाले आहे. मोटर कोळशाच्या गॅसवर चालते. मागे भट्टी बांधलेली असते. भाडे सव्वा रुपया. पहाटे निघाल्यास उन्हाच्या आत पोचाल असे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. तवंदीच्या घाटाला लागताच ड्रायव्हर ओरडला, "उतरा समदी! घाट चढंपतोर जरा पाय मोकळं करा."

"पैसं बसायचं घेतलास न्हवं रं?" एक म्हातारे आप्पा म्हणाले.

"व्हय की आप्पा. चालायचं फुकट हाय."

सगळे हसले आणि चालू लागले. मला तो घाट आवडला. करवंदाच्या जाळ्या फुलल्या होत्या, खाली निपाणीची कौले आणि वखारींचे पत्रे चमकत होते. रामरक्षा दोनदा म्हणून झाली तेव्हा वर पोचलो.

माझ्या शेजारी संकेश्वरला उतरणारी एक बाई बसली होती. सारा वेळ पदर नाकाला. भट्टीचा धूर सोसत नसेल म्हणून मी तिला खिडकीची जागा दिली. तिने खिडकीबाहेर तोंड काढले ते संकेश्वर येईपर्यंत आत घेतले नाही. बिचारी, असे मला वाटले.

संकेश्वरला मोटर अर्धा तास थांबते. मिरचीची पोती उतरत होती, त्यामुळे स्टँडवर जो तो शिंकत होता. चहा बरा मिळतो, पण खायला घरचेच न्यावे. मी भाकरी आणि कारळाची चटणी नेली होती. तिथून पुढे रस्ता सरळ आहे. काकती आली की उजव्या हाताला डोंगरावरचा पडका किल्ला दिसतो आणि माणसे आपापली गाठोडी सावरू लागतात. बेळगावला पोचायला दुपारचा एक वाजला.

माझी नणंद, वत्सलाक्का, शहापुरात राहते. ती स्टँडवर घ्यायला आली होती. मी वाकून नमस्कार केला, तशी दोन पावले मागे झाली.

"काय गं वैनी, वखारच उचलून आणलीस व्हय?"

"चिंध्यांचा वास येतोय का? तीन घड्या घातल्या होत्या."

"चिंध्या कसल्या गं? तुझ्या लुगड्याला येतोय, केसांस्नी येतोय. मी म्हायेराला आले की दोन दिवस नाक चोंदतंय, तिसऱ्या दिवशी कळायचं बंद होतंय."

मी स्टँडवरच ट्रंकेवर बसले. ती संकेश्वरची बाई आठवली. धुराने नव्हे, माझ्यामुळे! आणि मी जागा दिल्याबद्दल स्वतःवरच खूश होते. निपाणीत माहेर, निपाणीत सासर. आमच्या साड्या, गाद्या, पोथ्यासुद्धा त्याच हवेत वाढलेल्या. यांच्या कपड्यात मला वास लागत नव्हता, तो गेला होता म्हणून नव्हे, माझे नाकच त्याला सरावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपिलेश्वराचे दर्शन घेऊन, आम्ही दोघी बाजारात गेलो. अत्तरवाले चाचा गादीवर बसले होते. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "बाई, निपाणीच्या का?" आक्का पदरात हसली.

मी चिंध्या पुढे ठेवल्या. चाचांनी अशी गिऱ्हाइके पाहिली नसावीत, पण तेही रंगले. "हे बेस केलंत. लोक मनगटावर लावून जातात आन् उद्या भांडायला येतात." त्यांनी पाच चिंध्यांना पाच अत्तरांच्या काड्या टेकवल्या आणि सहावी ताडून पाहायला तशीच ठेवली. म्हणाले, "आता नाकानं घाई करू नका. अत्तराला संध्याकाळ दाखवा." हुंगायला दिलेल्या थेंबांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

घरी येऊन चिंध्या सोप्यातल्या दोरीवर लांब लांब टांगल्या. शेजारच्या घरातून हातमागाची खटखट येत होती. माझे नाक या कामी नालायक ठरले होते, तेव्हा परीक्षक आक्का. मी नुसती लिहून घेणारी. तुम्हाला घ्यायचे झाल्यास आमचा निकाल असा.

मोगरा, सव्वा रुपया तोळा. लावताना मन प्रसन्न होते, पण जेवणे होईपर्यंत विझला. विलायती सेंटाची बाटली तीन रुपये. लढाईपूर्वी निम्म्याला मिळे म्हणतात. सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखा झकास दरवळ, दिवेलागणीला काहीच नाही. शिवाय त्यात स्पिरिट असते, असे चाचांनीच सांगितले. देवापुढे ते नको.

गुलाबावर माझी फार भिस्त होती. रुपया तोळा, खरा नव्हे हे चाचा आधीच बोलले. आक्काने चिंधी हुंगली आणि हसत सुटली. "अगं, ह्यो तर जर्दा झाला! पानात घालून खाशील." खरेच, तंबाखूवर गुलाब चढवला की तेच होणार. गुलाब लावून हे बुवांच्या मागे उभे राहिले असते तर त्यांनी पिंक टाकायला जागा शोधली असती.

हिना टिकायला सर्वांत दांडगा. चार रुपये तोळा. दुसऱ्या सकाळीही खणखणीत होता. पण आक्का यांचे नाव घेऊन म्हणाली, "आमचा दत्तू आल्यासारखा वाटत न्हाय. नवरदेवाचा मामा आल्यासारखा वाटतोय."

उरला वाळा, ज्याला दुकानात खस म्हणतात. दोन रुपये तोळा. पहिल्यांदा आक्काने नाक मुरडले. मातीचाच वास, म्हणाली. संध्याकाळी दोनदा हुंगून पाहिले. पहाटे मात्र ती चिंधी हातात धरून बराच वेळ उभी होती.

"तंबाखू गेला का?" मी विचारले.

"न्हाय गं. हाय. पण भांडत न्हाईत दोघं. माठावर वाळ्याचा पडदा टाकावा, आन् शेजारच्या खोलीत वखार असावी, तसं."

पाव तोळा वाळा घेतला, आठ आणे. काचेची कुपी वेगळी, एक आणा. चाचांनी कापसाचे दोन फाये कागदात बांधून दिले आणि सांगितले, "कपड्याला न्हाय, कानात. घामाबरोबर चढत जातं."

परतीची मोटर दुपारची होती. घाटाच्या माथ्यावर आली तेव्हा खालून वारा आला आणि मी चमकले. जड, गोडसर, थोडा तिखट, वाळलेल्या पानाचा वास. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गावाचा वास आला. वाईट नव्हता हो! मी जोरजोरात श्वास घेऊ लागले, तशी ड्रायव्हरने मागे पाहून विचारले, "काय वो आक्का, गाडी लागली काय?"

घरी आल्यावर यांच्यापुढे कुपी ठेवली. यांनी हातही लावला नाही. "सगळ्या अंगाला अत्तर फासलं तरी मी वखारीचाच," म्हणाले.

मग मी त्यांना मोटरीतल्या बाईची गोष्ट सांगितली. खिडकीची जागा दिली, खरे कारण बेळगावपर्यंत मला कळले नाही, आक्का दोन पावले मागे झाली, चाचांनी गाव ओळखले, सगळे. हे हसू लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तुझ्या अंगालाही येतो?"

"मला येतो, पुजाऱ्यांना येतो, त्या रामाच्या पितांबराला येत असेल. बुवा बाहेरचे, म्हणून त्यांना कळला. तुम्ही जवळ होतात, म्हणून तुमच्यावर आळ आला."

नवमीला अकराच्या सुमारास मी त्यांच्या कानात फाया बसवला. मंदिरात ते खांबाशी थांबले. मी बायकांत बसले होते. तेवढ्यात पुजाऱ्यांनी झांजा पुढे केल्या, आणि हे बुवांच्या मागे जाऊन उभे राहिले. बुवांनी पहिले पद उचलले. हे पुढे सरकले. बुवांची मान वळली. उपरणे खांद्यावरच राहिले. हात मात्र वर झाला: आणखी वर घ्या, आणखी. यांनी घेतले. बरोबर बाराला गुलाल उधळला, तेव्हा यांचा आवाज घंटेच्याही वर ऐकू येत होता.

घरी येऊन यांनी बाराबंदी खुंटीला अडकवली आणि सुंठवडा खात बसले. मी हळूच गळ्याशी हुंगले. वाळा होता, अजून चांगला होता. तंबाखूही असणारच. पण तो कळायला मला पुन्हा बेळगावला जाऊन यावे लागेल.