मामाच्या सेटमधलं हमिंग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मामाचं नाव घेतो. माझ्या आईचा धाकटा भाऊ. मुरबाडला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचं घर शेणवे गावातलं. आईवडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचे आणि घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर वडिलांनी मला कामाला लावायचं ठरवलं होतं. मामा एका दुपारी आला, जेवला आणि जाताना मला आणि माझ्या पत्र्याच्या पेटीला सोबत घेऊन गेला. कॉलेजचा फॉर्म त्यानेच भरला. पालकाचा व्यवसाय या रकान्यात त्याने स्वतःचा व्यवसाय लिहिला.

तीन वर्षं मी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहिलो. मामाने मला दुकानातलं काम कधी शिकवलं नाही. मी टेबलापाशी गेलो की म्हणायचा, “हो मागं. हात भाजला तर पेन कसा धरशील?” मामी आतून म्हणायची, “त्याला पुस्तकं दे, आन् तुझी हाडं तू कुरतड.” हाडं म्हणजे काचेच्या नळ्यांचे, जुने व्हॉल्व्हचे सेट. लग्नाच्या मांडवातले भोंगे ज्यांच्यावर चालायचे ते जुने अॅम्प्लिफायर गावोगावचे लोक त्याच्याकडेच आणत. मी बी.एस्सी. झालो, पुढे बी.एड. केलं, शहापूरला एका ज्युनिअर कॉलेजात विज्ञान शिकवायला लागलो आणि सापगावला घर बांधलं.

नोकरीत कायम झालो तेव्हा मामाने मला एक वस्तू आणून दिली. हेडफोनसाठीचा व्हॉल्व्हचा छोटा अॅम्प्लिफायर. वर्षभर खपून त्याने तो स्वतः बांधला होता. अॅल्युमिनियमची पेटी, दोन्ही बाजूंना सागाच्या फळ्या, वर उघडे दोन व्हॉल्व्ह. सुरू केला की ते अर्ध्या मिनिटात तांबूस होतात. “दुकानात आता चार्जर आन् रिमोटच येतात,” तो म्हणाला. “म्हटलं एक सेट तुझ्यासाठी बांधू, मग हात थांबले तरी चालतील.”

कॉलेजातून आलो की चहा होईपर्यंत मी हेडफोन लावून बसायचो. आवाज इतका स्वच्छ होता की गाणारा श्वास घेतो तेही कळायचं. दोन वर्षं असं चाललं.

यंदा एप्रिलच्या शेवटी त्यात हमिंग यायला लागलं. गाणं थांबलं की खाली एक सलग घूं. मी इंटरनेटवर वाचून एकेक करून पाहिलं. मोबाईल आणि वायफायचा डबा लांब नेला. घूं तसाच. व्हॉल्व्हची अदलाबदल केली. पेन्सिलीने हळूच टिचकी मारून पाहिली. लॅपटॉपची केबल काढली तर थोडा कमी झाला, पण गेला नाही. एवढंच लक्षात आलं की पेटीच्या धातूवर हात ठेवला की घूं अर्ध्यावर येतो आणि हात उचलला की परत वाढतो. एकदा बोटांना मुंग्याही आल्या. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढ्यावरून कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की मामाचं वय झालंय, हात कापतात, आत कुठे तरी सोल्डर कच्चं राहिलं असणार.

मी मामीच्या फोनवर फोन केला. मामा रविवारी येईल, असं तीच म्हणाली.

त्या रविवारी माझे कॉलेजातले दोन सहकारी आमरसाला आले होते. मामा सकाळच्या एसटीने आला, खांद्याला हत्यारांची पिशवी. पाणी पिऊन सरळ सेटपाशी बसला. हेडफोन कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

“आवाज नाय रे,” तो म्हणाला.

मी हेडफोन घेऊन ऐकलं. घूं होताच. सहकाऱ्याला दिलं. तो म्हणाला, “आहे की सर. पिठाची गिरणी चालल्यासारखं.”

मामाने परत लावलं, डोळे मिटले. मी त्याच्या मागे उभा राहून सांगत होतो, “मामा, पेटीला हात लावला की कमी होतो. अंगाला मुंग्याही येतात.” तो मान हलवत राहिला. मग पेटी उलटी करून त्याने स्क्रू काढले आणि एक कंडेन्सर बदलला. सुरू केलं, ऐकलं.

“गेला,” तो म्हणाला.

गेला नव्हता. दुसरा सहकारी हसून म्हणाला, “काका, तुमच्या जमान्यात याला संगीतच म्हणत असतील.” मामा माझ्याकडे बघून हसला. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, आपल्या हातची चूक आहे म्हणून हा टाळतोय. चार लोकांसमोर मला ओशाळल्यासारखं झालं. मी मोठ्याने म्हणालो, “मामा, तुला ऐकूच येत नसेल तर सेट बांधायला घेतलास कशाला?”

हे मात्र त्याला ऐकू गेलं.

त्याने स्क्रू परत बसवले. चारही नीट घट्ट केले. पक्कड, पेचकस, मीटर एकेक करून पिशवीत ठेवलं. बायकोने जेवायला पान वाढलं होतं, तर म्हणाला, “एसटीचा टाइम झालाय पोरी.” एसटीला दीड तास होता. मी त्याला स्टँडवर सोडायला निघालो, तर हाताने नको म्हणाला आणि उन्हात चालत गेला. मी दारात उभा राहिलो, मग आत येऊन पाहुण्यांना रस वाढला.

त्या आठवड्यात मामाने दुकान बंद केलं. व्हॉल्व्हची खोकी, ट्रान्सफॉर्मर, सगळं भंगारवाल्याला दिलं. मामीने फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणालो, मामाला फोन दे. ती म्हणाली, “फोनवर त्याला कळत नाय रे. दोन-तीन वर्षं झाली. गिऱ्हाईक तोंड पुढं करून बोललं तर ओठांवरून वळखायचा. कुणाला सांगू नको बोललेला, काम यायचं बंद होईल म्हणून.”

“मग माझा सेट?”

“मीटरवर बांधला. शेवटी मला बसवायचा, डोक्याला ते लावून. घूं येतो का सांग, बोलायचा. मी बोलायची, नाय येत. धा-धा वेळा ऐकवला. भाच्याचा हाय, बोलायचा.” मग म्हणाली, “त्या दिवशी घरी आला तर माझ्यावर चिडला. बोलला, तू नीट ऐकलं नायस. माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा चिडला तो.”

पुढे पंधरा दिवसांनी आमच्या वॉशिंग मशीनचा बायकोला झटका बसला. मी वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरमधल्या बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब पेटला नाही, नुसती तार लालसर झाली. “सर, तुमचं अर्थिंग मेलंय. खड्डा कुठंय?”

खड्डा मामानेच खणून घेतला होता, घर बांधताना. तळाशी तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मिठाचे थर, आणि पाणी ओतायला एक पाइप. उन्हाळ्यात माती सुकते, म्हणून आठवड्याला बादलीभर पाणी ओत, असं त्याने मला बजावलं होतं, आणि मी दोन उन्हाळे ते ओतलंही होतं. यंदा मार्चमध्ये अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. पाइप आडवा येत होता, दिसायला बरा नव्हता. मी गवंड्याला सांगितलं, काप आणि वरून ब्लॉक बसव.

वायरमनने चार ब्लॉक उचकटले. पाइपाचं तोंड सापडलं, त्यात आम्ही सात-आठ बादल्या ओतल्या. पाणी लगेच गडप होत होतं. बल्ब हळूहळू उजळला. मी आत जाऊन सेट सुरू केला, अर्धा मिनिट थांबलो आणि हेडफोन लावले. घूं अजिबात नव्हता. मी गाणं लावलं नाही.

मामाने बसवलेला कंडेन्सर चांगला होता, काढलेलाही चांगलाच होता. त्या रविवारी माझे शब्द त्याच्या कानावर पडले असते तर त्याने सेटला हातही लावला नसता. पेटीला हात लावल्यावर हमिंग कमी होतं म्हणजे अर्थिंग गेलं, हे त्याने मला एका वाक्यात सांगितलं असतं. मी त्याच्या पाठीमागे उभा राहून बोलत होतो.

मी पत्र लिहिलं. पोस्टाने पाठवलं आणि रविवारी मागोमाग गेलो. मामाने मला घरात घेतलं, शेजारी बसवून जेवू घातलं, पोरांची चौकशी केली. पत्राबद्दल एक शब्द काढला नाही. दुकानाला दुसऱ्या कुणाचा बोर्ड लागला होता. मी चार वेळा विषयाशी आलो आणि चारही वेळा त्याने माझ्या ओठांवरून नजर काढून ताटात घातली. त्यानंतर मी दर महिन्याला जातो. तो माझ्याशी चांगलं बोलतो, पाहुण्याशी बोलतात तसं.

पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. तो असा:

ती. मामास,

सा. न. वि. वि.

फोनवर तुला त्रास होतो हे मामीकडून कळलं, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. मामीला वाचायला देऊ नको, आधी तू वाच.

सेटमध्ये काही दोष नव्हता. अर्थिंगचा पाइप मी कापून फरशीखाली बुजवला होता आणि उन्हाळाभर पाणी घातलं नाही. आता पाणी घातलंय. सेट तू दिलास त्या दिवशी वाजायचा तसाच वाजतो. मामीने नीट ऐकलं होतं. तिच्यावर चिडू नको. चूक तुझीही नव्हती, तिचीही नव्हती.

लोकांसमोर मी जे बोललो ते मी रागात बोललो असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मला तुझी लाज वाटली म्हणून बोललो. तू ज्याला शिकवलंस त्याला तुझी लाज वाटली, हे तुला कळलं असणार, म्हणूनच तू जेवला नाहीस. हे लिहिलं नाही तर माफी मागितली असं होणार नाही.

त्या दोघा सहकाऱ्यांना मी काल सगळं सांगितलं. अर्थिंगचंही आणि माझंही.

दुकान परत उघड, असं मी म्हणत नाही. तो हक्क मला राहिला नाही. शहापूरला कानाचे डॉक्टर आहेत, तू हो म्हणालास तर मी रजा काढतो. नको असेल तर नको.

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. या वेळी समोर बसून बोलेन.

तुझा,
भाचा