गुंगीची बातमी

अप्पांच्या सलूनमध्ये माणसं दाढीपेक्षा झोपेसाठीच येतात, असं त्यांची बायको म्हणायची. गालावर फेस चढला की गिऱ्हाइकाची मान मागे कलायची आणि वस्तारा गळ्यावरून फिरत असताना काहीजण चक्क घोरायचे. अप्पांना त्याचाच काय तो अभिमान.

पण वाकून वाकून कंबर कामातून गेली होती. दुपार कलली की डाव्या पायात कळ उतरायची आणि खुर्चीची पाठ धरून उभं राहावं लागायचं. कण्यातली आधीची इंजेक्शनं चार दिवस साथ देऊन विरून गेली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी त्यात थोडं गुंगीचं औषध मिसळून बघू. आराम जास्त टिकेल अशी आशा आहे, शब्द देत नाही. आणि गुंगी पुरती उतरेपर्यंत वस्ताऱ्याला हात लावायचा नाही."

अप्पांनी ऐकलं. गुंगी उतरल्यावरही वर दोन दिवस दुकान बंद ठेवलं. आणि कंबर अशी मोकळी झाली, की अप्पा स्वतःच खाली वाकून केस झाडून काढू लागले.

आता गल्लीतल्या सगळ्या बातम्या ज्या आरशासमोर पिकायच्या, तिथे स्वतःची बातमी पोटात कशी राहणार? "अहो, थेट कण्यात गुंगीचं औषध! ही हाका मारतेय आणि मी ढाराढूर!" येईल त्याला तिखटमीठ लावून सांगितलं. लोक पोट धरून हसले.

आणि मग एकेकजण म्हणू लागला, "आज नुसते केस कापा. दाढी करीन घरी."

"कुणी सांगितलं होतं डांगोरा पिटायला?" बायको म्हणाली.

"अगं, गुंगी त्याच रात्री उतरली!"

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

त्यांनाही सांगून झालं. पण अप्पा हात पुढे करून "बघा, हलतोय का?" म्हणाले, की माणूस खरंच निरखून बघायचा.

एका सकाळी मास्तर आले. शाळेपासूनचे दोस्त. "कर रे दाढी. लोकांना काय, काहीही बोलतात."

अप्पांनी मन लावून फेस केला. मास्तरांनी मान मागे टाकली. डोळे मात्र आरशात, अप्पांच्या हातावर.

"मिट की डोळे."

"मिटतो ना. तू कर."

मिटले नाहीत. अप्पा ताठ उभे होते, पाठीत कुठे कळ नव्हती. वस्तारा कातडीजवळ नेला आणि एवढ्या वर्षांत कधी थरथरला नव्हता तो हात थरथरला. मास्तरांनी ते बघितलं. अप्पांनी ते बघणं बघितलं.

त्यांनी वस्तारा मिटून ठेवला आणि ओल्या टॉवेलनं मास्तरांच्या गालावरचा फेस हळूहळू पुसून काढला. तेव्हा कुठे मास्तरांनी डोळे मिटले.