बगळ्याचा कोट

लाँड्रीच्या काउंटरवर सव्वीस वर्षं काढलेल्या बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कपडे राहत. जिन्यात एखादी शेजारीण हसून म्हणाली, "ओळखलं नाही वाटतं?" की बाई म्हणत, "ओळखलं की. पिवळा पडदा, शाईचा डाग. गेला नाही तो."

त्यांच्या नवऱ्याचं सगळं उलट. तो प्लंबर. आपल्या अंगावर कुठला शर्ट आहे हे त्याला खाली बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण जॅझमधला कोण कधी फुटून कुठल्या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये शिरला, हे झोपेतून उठवून विचारा. पॅसेजच्या अख्ख्या भिंतीवर त्यानं या मंडळींचा नकाशा काढला होता. पाइपलाइनचा काढतात तसा, ऑइल पेंटनं. डावीकडे जॅझ, उजवीकडे रॉक, ड्रमरांचे पाइप लाल, बासवाल्यांचे काळे, आणि कुणी बँड सोडला की तिथे गळतीची खूण.

"यानं इथं चूल वेगळी मांडली," तो कौतुकानं दाखवी. "हा त्याचा चुलत बँड."

"म्हणजे भांडून गेला."

"भांडून नाही गं, कलेसाठी."

"सगळे तसंच सांगतात."

बाईंना त्या संगीताचं वावडं नव्हतं. वीस मिनिटांचं गाणं आणि त्यात बारा मिनिटं गाणारा गप्प, हे तर त्यांना आवडेच. त्यांना हवी होती ती भिंत, कपाटासाठी. लग्न झाल्यापासून रजया खुर्च्यांवर होत्या आणि पाहुणे उभे होते.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एकच माणूस कोरडा पडला होता. एका जॅझ त्रिकुटात डबल बास हे माणसाएवढं तंतुवाद्य वाजवून, एक रेकॉर्ड करून तो जो गडप झाला, तो झालाच. त्याच्यापर्यंत एकही पाइप जात नव्हता. अकरा वर्षं तो नवऱ्याच्या डोक्यात ठाण मांडून होता.

शेवटी बाईंनी निकाल लावला. "रविवारपर्यंत तुम्ही याला जोडलात, तर भिंत तुमची. नाहीतर सोमवारी कपाट."

"ठरलं," नवरा म्हणाला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

गुरुवारी रेकॉर्डवरची धूळ पुसताना बाईंचा हात थांबला. त्या त्रिकुटाच्या रेकॉर्डमागे बासवाल्याचा वाजवतानाचा फोटो होता. कोटाच्या उजव्या कोपरावर चौकड्यांचं ठिगळ, तिरपं. दुसरं बटण भलत्याच कोटाचं. हा कोट आणखी कुठल्यातरी कव्हरवर बघितलाय, असं बाईंना वाटलं. मग त्या जमिनीवर बसल्या आणि एकेक कव्हर उपसू लागल्या.

सतराव्या कव्हरवर एक रॉक बँड सापडला. चौघांना तोंडं होती. बास गिटारवाल्या पाचव्यानं बगळ्याचा मुखवटा घातला होता, चोच पार शेजारच्याच्या कानात. नाव नुसतं 'बगळा'. भिंतीवरही तो तसाच होता, चार बँडांचे पाइप येऊन मिळालेला, पुढे प्रश्नचिन्ह. पण ठिगळ तेच होतं. बटणही तेच.

बाईंनी दोन्ही कव्हरं जागेवर ठेवली आणि तोंडाला कुलूप लावलं. कपाटवाला माप घेऊन गेला होता.

शुक्रवारी नवरा दोन घास खाऊन उठला. शनिवारी कामावरून आला तो स्टूल घेऊन भिंतीसमोर बसला. रविवारी सकाळी खालच्या डॉक्टरांचा फोन आला.

"वहिनी, काल भाऊंनी नळ जोडले ना, आमच्या संडासाच्या टाकीत गरम पाणी येतंय."

"अगंबाई! आणि शॉवरला?"

"बर्फ. आई शॉवरखाली किंचाळतेय. आणि बाबा संडासातून बाहेर यायला तयार नाहीत."

बाईंनी नवऱ्याला सांगितलं. "चुकला असेल जोड," तो म्हणाला आणि पुन्हा कोपऱ्याकडे बघू लागला.

उभ्या आयुष्यात या माणसाचा जोड चुकला नव्हता. त्यांनी दोन्ही कव्हरं आणून त्याच्या मांडीवर आदळली.

"कोट बघा."

"कुठला कोट?"

"अकरा वर्षं तुम्हाला दिसला नाही तो!"

त्यानं चष्मा लावला, काढला, पुसला. "असे कोट पुष्कळ असतील."

"डावखुऱ्यानं घातलेले टाके आहेत ते, आणि बटण बायकांच्या कोटाचं. बायको नव्हती त्याला. किंवा होती आणि रुसलेली होती."

"डावखुरा?" नवरा ओरडला. "अगं, दोघंही डावखुरे! हात बघ ना, उलटे! हाच बगळा!"

त्यानं ब्रश उचलला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जाडजूड काळा पाइप ओढला, वाटेतलं दिव्याचं बटणही न सोडता. "पोरका म्हणत होतो, हा तर चार बँडांचा जावई निघाला!" त्याचे डोळे भरून आले होते. "भिंत माझी."

"जोडला कोणी?"

नवऱ्याचा ब्रश खाली आला. काळा रंग ओघळून खाली चालला होता. तो त्यानं बोटानं टिपला.

बाई कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिल्या. "ओल्या रंगाला कपाट टेकवता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "वाळायला किती लागतील?"

"सहा-सात तरी."

"दिवस?"

"वर्षं," प्लंबर हळूच म्हणाला.

"खाली जा आधी, त्या म्हाताऱ्यांना सोडवा."

तो पाना घेऊन जिना उतरल्यावर बाईंनी कपाटवाल्याला फोन लावला. उद्या आणू नका, म्हणाल्या. मग कधी, त्यानं विचारलं.

"भिंत ओली आहे हो," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे प्लंबर आहे ना घरात."