चौकटीतला खिळा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. जड मशिनं ठेवायला यार्डात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भंगारातून आणून टाकले होते. एकदा मोजणी करताना दमून त्यांवर टेकलो, तर मांडीला काहीतरी टोचलं. बघतो तर खिळा, आणि त्याच्या चपट्या डोक्यावर आकडा: ३६. लाकूड रुळांखाली कोणत्या साली गेलं ते कळावं म्हणून ठोकलेला. म्हणजे १९३६, माझ्या जन्माच्याही आधीचा! मी तिथल्या तिथे पक्कड मागवली.

मग मला वेडच लागलं. कुंपणात पुरलेले स्लीपर, गोठ्याच्या दाराला लावलेले, भंगारवाल्याच्या ढिगातले, दिसेल तिथे मी वाकून डोकी तपासायचो. वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत एक फळी खिळ्यांनाच दिली होती. बायको म्हणायची, "लोकांच्या घरात सोनं येतं, आपल्याकडे गंज."

मला तीस ते चाळीस अशी सलग रांग लावायची होती, बस. सगळे मिळाले, एकतीस मिळेना. फळीवर दुसरीच जागा रिकामी, आणि येता-जाता माझी नजर नेमकी तिथे.

एक दिवस कारखान्यातला तुर्भे गावचाच एक कामगार म्हणाला, "आमचे मावशीचे उंबऱ्यात हाय तसला खिला." मी जेवणाचा डबा तसाच ठेवून त्याच्याबरोबर गावात पळालो. मावशी दारातच तांदूळ निवडत बसली होती. उंबरा म्हणजे स्लीपरचाच तुकडा, आणि खिळ्यावर हळदीकुंकवाचा थर. तिला विचारून अंगठ्यानं हळूच पुसला. एकतीस! मी चक्क ओरडलो. मावशी दचकली, सुपातले तांदूळ सांडले.

मागे तिचं नवीन स्लॅबचं घर उभं राहत होतं, जुनं पाडायचंच होतं. मला वाटलं, काम फत्ते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, मी लगेच खिळा मागून मोकळा झालो.

"त्यो नव्या चौकटीत जानार," ती म्हणाली. "सासऱ्यांनी रुळाच्या कामावरनं आनलेला उंबरा हाय ह्यो. उंबऱ्याला लोखंड लागतंच, नायतर नको ते घरात शिरतं."

"मी त्याच्या बदल्यात दुसरा देतो की!"

दुसऱ्या दिवशी पस्तीस घेऊन गेलो. तिनं तो उलटसुलट करून बघितला. "असा अजून हाय तुजेकड?"

"आहे ना, म्हणून तर देतोय."

तिनं तो माझ्या हातात परत ठेवला. "मंग नको. उंबऱ्याला उरलासुरला नाय चालत. तुजेकड एकच असंल, तो आन. परवा चौकट बसायची हाय."

मी भयंकर चिडलो. वाटेत स्वतःशीच भांडत होतो. एकतीस आणायचा तर दुसरा एखादा घालवायचा, म्हणजे रांगेतलं भोक फक्त इकडून तिकडे सरकणार! मग हा उपद्व्याप करायचाच कशाला? बायकोचंही तेच म्हणणं. पण डोळ्यांसमोरून ते कुंकवाखालचं ३१ हलेना. अडतीस मी उरणकडे मिठागराच्या बांधालगत कमरेएवढ्या चिखलात उभा राहून उपसून काढला होता, चप्पल तिथेच गेली होती. सगळ्यांत जिवावर येणार होतं ते तोच द्यायला. म्हणून तोच खिशात टाकला.

चौकटीच्या दिवशी मी अडतीस दाखवून "हा एकच आहे" म्हटलं, तेव्हा सुतारानं जुना खिळा अलगद काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तोवर मावशीनं हातोडा माझ्याच हाती दिला. पहिला घाव चुकला, दुसरा बसला. बायका हसत होत्या, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला फळीसमोर कधी झाला नव्हता. अडतीस लाकडात रुतला. मावशीनं त्यावर हळद लावली, कुंकू लावलं.

"भरली का आता तुजी रांग?"

"कुठली भरतेय मावशी! अडतीस कमी झाला ना."

तिनं कुंकवाचं बोट उंबऱ्याकडे केलं. "कमी कुटं? ह्यो काय, हाय इथं. येत जा बगायला."