कालपेक्षा थोडं जास्त

वरच्या मजल्यावरच्या शास्त्रज्ञांच्या स्थळाची चौकशी करायला मुलीकडचे माझ्याकडे आले आणि मी आगाऊ बाई नको तितकं बोलले. दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट.

चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या वर राहणारे हे शास्त्रज्ञ प्लाझ्मावर काम करायचे. सूर्याहून तापलेला वायू चुंबकांनी क्षणभर धरून ठेवायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी जिन्यात विचारलं की हसून म्हणायचे, "कालपेक्षा थोडं जास्त टिकलं, मामी."

मी पाहुण्यांना ऐटीत सांगितलं, "रोज कडक इस्त्री करून जातात, पण दहा वर्षं काम काही जमत नाही."

पाहुणे अर्धी कॉफी ठेवून उठले. माझ्यामुळे लग्न मोडलं असं समजून महिनाभर मी जिन्यात शास्त्रज्ञांना तोंड चुकवलं.

मग ती मुलगीच त्यांच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभी. माझा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, "मामी, दहा वर्षं न जमणाऱ्या कामाला जो रोज इस्त्री करून जातो, तो माझ्या स्वयंपाकाला घाबरणार नाही."