नॅचरल करा

“तुमचं पूर्ण नाव काय?”

सातवा टेक संपला होता. काचेपलीकडून मॅडमनी बटण दाबून विचारलं आणि ते थेट माझ्या हेडफोनमध्ये आलं. ऑडिशनच्या सुरुवातीला आपलं नाव सांगायचं असतं, त्याला स्लेट म्हणतात. मी स्लेटला नुसतं पहिलं नाव सांगायची. आडनाव गिळायची. चार वर्षं गिळत आले होते.

मी पूर्ण नाव सांगितलं.

“अच्छा. आणि गाव?”

“पेठ वडगाव.”

“वडगावात कुठं?”

हा प्रश्न कुणी पत्ता लिहून घ्यायला विचारत नाही. तो कशासाठी असतो हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. खोटं सांगता आलं असतं. सांगावं असं वाटलंही, आणि असं वाटलं याचीच आधी लाज वाटली. मी गल्ली सांगितली.

मॅडम शेजारी बसलेल्या नवऱ्याशी काहीतरी बोलल्या. काचेतून ओठ हललेले दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. मग परत बटण दाबलं. आवाज आधीपेक्षा गोड झाला होता.

“तुम्ही असं करा ना, तो दुसरा रोल करून बघा. कामवालीचा. तो तुम्हांला नॅचरल जाईल.”

राजारामपुरीत एका क्लासच्या खाली तळघरात तो स्टुडिओ आहे. रेकॉर्डिस्ट निपाणीकडचा, घरी कन्नड बोलणारा, सगळे त्याला अण्णा म्हणतात. तो मला अक्का म्हणतो, वयानं मोठा असून. जाहिरात होती फरशी पुसायच्या लिक्विडची. कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, आणि मॅडम म्हणजे मालकांच्या सूनबाई. जाहिरातीत दोनच बायका. कामवालीच्या हातून तेल सांडतं, ती म्हणते, “चुकलं बाईसाहेब, सगळं सांडलं.” बाईसाहेब म्हणतात, काळजी नको, आपल्याकडे अमुक आहे. मी बाईसाहेबांच्या आवाजासाठी आले होते. जिची निवड होईल तिला वर्षभर काम मिळणार होतं, रेडिओवर, दुकानांतून, मोबाईलवर. मी दिवसभर एका कोचिंग क्लासच्या फोनवर पालकांना फी आणि बॅचेस सांगते. त्या खुर्चीतून उठायचं असेल तर मला हेच काम हवं होतं. दुसरं काही दिसत नव्हतं.

सात टेकमध्ये मी काय काय ऐकलं ते सांगते. “मातीतला आवाज हवाय, पण स्वच्छ.” “आपुलकी येऊ दे, सलगी नको.” “घरातली बाई वाटली पाहिजे. म्हणजे, आमच्या घरातली.” या धंद्यात क्लायंटला काय हवंय ते त्याला स्वतःला सांगता येत नाही. ते आपण ओळखायचं. निम्मं काम तेच. मी त्याची वही ठेवली होती. एका बाजूला ते काय म्हणाले, दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ. ‘एनर्जी’ म्हणजे जोरात बोलायचं नाही, वेग वाढवायचा. ‘गोडवा’ म्हणजे गालात हसत बोलायचं. ‘प्रीमियम’ म्हणजे हळू, खालच्या पट्टीत, जणू आपल्याला कसलीच घाई नाही. मला या वहीचा अभिमान होता. साहेबलोकांच्या मनातलं मला न सांगता कळतं, असं मी चारचौघांत सांगायची. आमच्या घरातल्या बायकांनी तीन पिढ्या दुसरं काय केलं होतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आडनाव कळल्यावर बाईसाहेबांचा रोल गेला. कुणी नाही म्हणालं नाही. नुसता तो कागद बाजूला सरकला आणि दुसरा पुढे आला.

मी कामवालीचं वाक्य वाचलं. नीट, साधं.

“नाही, नॅचरल करा. घरी बोलता तसं.”

घरी बोलतो तसं केलं. खणखणीत. आमच्याकडं बाया ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात आणि गल्लीच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जातं.

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. बटण अण्णानं दाबलं.

“अक्का, मॅडम म्हणत्यात एवढं ठसक्यात नगं. बाई भ्यालीया न्हवं का. पर गोड भ्यालीया.”

गोड भ्यालेली बाई. वहीत हे नव्हतं. पण मला कळलं. लगेच कळलं, कारण तो आवाज माझ्याकडं होता.

मी सात-आठ वर्षांची असताना आई वडगावातच एका डॉक्टरांच्या घरी धुणंभांडी करायची. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर जायची आणि मागच्या दारात पायरीवर बसायची. आत जायचं नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेही आपोआपच कळलं होतं. एकदा आतून लोणच्याची बरणी फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ आईचा.

“चुकलं वैनी. हात निसटला.”

माझी आई गल्लीत हाक मारायची तर वरच्या आळीची कुत्री उठायची. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायची तर तो हात जोडायचा. आणि आत हा आवाज. बारीक, ‘चुकलं’नंतर मोडलेला, मध्येच आत ओढलेला श्वास, शेवटी उगाच हसल्यासारखा. मी पायरीवरनं उठले आणि पळाले. नाल्यापर्यंत पळत गेले. आईनं मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तो आवाज मी ऑडिशनला मायकात दिला. जसाच्या तसा. श्वाससुद्धा.

काचेपलीकडं मॅडम हसल्या. नवरा हसला. मॅडमनी टाळी वाजवली, ती ऐकू आली नाही, दिसली. मग बटण.

“परफेक्ट. हेच. बघा, मी म्हटलं होतं ना, नॅचरल जाईल.”

मी म्हणाले, “थँक्यू मॅडम.”

मी हसलेसुद्धा. हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहिते. मी त्यांच्याबरोबर हसले. आईच्या भीतीवर. मला बरं वाटलं, कारण माझी निवड झाली होती.

घरी गेले तर आई दारातच.

“काय गं, घेतलं का न्हाय?”

“घेतलं.”

“बाईसाहेबाचं?”

मी हो म्हणाले. आईनं मला चुलीपुढं बसवून ते करायला लावलं. मी बाईसाहेबांचं वाक्य केलं, गालात हसत, खालच्या पट्टीत. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, “आक्षी मोठ्या घरची वाटतीयास.” दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते गल्लीभर झालं होतं. शेजारच्या काकूंनी साखर आणून दिली. मी ती खाल्ली.

आठवड्यानं रेकॉर्डिंग होतं. बाईसाहेबांच्या रोलसाठी पुण्याहून एक मुलगी आली होती. चांगली होती बिचारी, मला तिनं स्वतःची पाण्याची बाटली दिली. मी हेडफोन घातले.

“ऑडिशनला केलंत तसंच करा,” मॅडम म्हणाल्या. “तो कंप होता ना आवाजात, तो हवाय. शिकून येत नाही हो ते. तुमच्याकडे ते उपजतच आहे.”

उपजत. चांगलं म्हणून म्हणाल्या त्या. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. शिवी दिली असती तर कदाचित मी गिळली असती, गिळायची सवय होती. पण हे कौतुक घशात अडकलं. माझी आई तो आवाज घेऊन जन्मली नाही. तिचा उपजत आवाज मी रोज ऐकते. हा दुसरा आवाज तिच्यात कुणीतरी घातला. वर्षानुवर्षं, एकेक बरणी मोजून घातला.

मी बोलले. आपण बोलतोय हे मला माझ्याच हेडफोनमध्ये ऐकू आलं.

“मॅडम, ही बाई कशाला भ्यालीय?”

“अहो, सांडलं ना तिच्या हातून.”

“तुमच्या हातून तेल सांडलं तर तुम्ही भिता का?”

मॅडमचं बोट बटणावर तसंच राहिलं. त्यामुळं तिकडची शांतता पण मला ऐकू आली, पंख्याचा आवाज, नवऱ्याचं खाकरणं.

“तुम्ही फार विचार करताय. आता कुठं राहिलंय तसं काही? ही ॲक्टिंग आहे.”

“मग ॲक्टिंग म्हणा. उपजत म्हणू नका.”

“बरं बाई, ॲक्टिंग. करा आता.”

“करत नाही.”

मी हेडफोन काढून स्टँडवर टांगले. अण्णा दार उघडून आत आला. घाबरला होता तो.

“अक्का, दोन मिनटाचं काम हाय. करून टाका की. मार्केटात नाव खराब हुतंय.”

“अण्णा, ऑडिशनचा माझा टेक पुसा.”

त्यानं मान खाली घातली. “मेल गेलाय ओ कवाच.”

मी जिना चढून वर आले. लोकांना वाटतं अशा वेळी छाती फुगते. मला रडू येत होतं आणि वर्षभराचं काम डोळ्यांसमोर दिसत होतं. रस्त्यावर आले तेव्हा परत खाली जाऊन माफी मागावी, असंही एकदा वाटलं. रिक्षावाला म्हणाला, “कुठं जायचं, ताई?” मी बसस्टँड म्हणाले. आईला मी सांगितलं की जाहिरातच रद्द झाली.

दिवाळीच्या आधी जाहिरात आली. आई मेथी निवडत होती, माझ्या मोबाईलवर गाणी लावलेली. मध्येच ती बाई बोलली. “चुकलं बाईसाहेब, सगळं सांडलं.” आवाज माझा नव्हता. पण ‘चुकलं’नंतर तो तिथंच मोडला. श्वास तिथंच ओढला. शेवटी तेच उगाच हसणं. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी माझा टेक ऐकवून, तसंच कर म्हणून सांगितलं होतं.

आई थांबली. हसली.

“कशी बोलती बघ बया. आक्षी आपल्यातली हाय.”

मग मी सगळं सांगितलं. ऑडिशन, आडनाव, बाईसाहेबांचं खोटं, जाहिरात रद्द झाल्याचं खोटं, मॅडम आणि त्यांचा नवरा हसले ते, मी हसले ते. तो आवाज कुठून आणला ते. आईचे हात मेथीच्या जुडीवर तसेच राहिले.

“मी असा बोलतो व्हय गं?”

मला नाही म्हणता आलं असतं. खोटं बोलून झालं होतं.

“वैनींसमोर बोलायचीस.”

मोबाईल मी बंद केला. मग ती खाली बघत म्हणाली, “बरणी फुटली तवा तू दारात हुतीस?”

“व्हय.”

“मला वाटलं तू खेळायला गेलीयास.”

एवढंच. परत मेथी निवडायला लागली. म्हणजे वीस-बावीस वर्षं तिला वाटत होतं की पोरीनं ते ऐकलं नाही. तेवढं एक तिनं माझ्यापासून वाचवून ठेवलं होतं, आणि मी ते जिल्हाभर वाजवलं. तिनं मला शिवी द्यायला हवी होती. दिली नाही.

ती जाहिरात अजून चालू आहे. बसस्टँडवर लागते, किराणा दुकानात लागते. लागली की मी तिथून हलत नाही, पूर्ण ऐकते. ती मला पुसता येणार नाही, आणि ती मी केली नाही असं मला म्हणता येणार नाही.

मी अजून ऑडिशनला जाते. आवाज माझा आहे, तो मी कुणासाठी टाकून देणार नाही. पण आता सूचना आली की काचेपलीकडच्या माणसाच्या मनातलं ओळखत बसत नाही. विचारते. बाई कोण आहे, ती कुणाला भितेय, ऐकून कुणी हसायचंय, सरळ सांगा. सांगितलं तर बघते. ‘नॅचरल’ म्हणाले तर उठते. गेल्या महिन्यात दोनदा उठले. दोन्ही कामं गेली. अजून जातील. ज्या गोष्टी यांना स्वतःच्या तोंडानं म्हणायची लाज वाटते, त्या माझ्या तोंडून वदवून घ्यायच्या आणि वर माझंच कौतुक करायचं, हे माझ्यापुरतं बंद.